‘मग दुसरा कोण?’ – ओबामांची दुसरी टर्म आणि विरोधकांचं २०१२ चं गणित

ओकट्री_रोड (धागाकर्ता)

६ नोव्हेंबर २०१२, पहाटे साडेपाच. एडिसनमधल्या पेट्रोल पंपाच्या रांगेत माझा नंबर चाळिसावा वगैरे असेल. सँडी वादळ येऊन आठ दिवस झाले होते. घरात वीज नाही, फ्रीजमधलं सगळं फेकून दिलेलं. गॅस चालू होता म्हणून काडी ओढून निदान खिचडी शिजत होती. रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी बारा काउंट्यांत सम-विषम लावलं होतं: गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा सम, तर पेट्रोल सम तारखेलाच. त्यात न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी. पंपावर दोन पोरं आणि रांग पार सिग्नलच्या पलीकडे.

माझ्या पुढच्या गाडीत आमचे शेजारी होते. सत्तरीचे, निवृत्त, कट्टर रिपब्लिकन, माणूस एकदम सज्जन. वादळात आमच्या अंगणात पडलेली फांदी त्यांनीच करवतीने कापून दिली होती. ते उतरून माझ्या काचेशी आले, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून दिली आणि म्हणाले, "सात पूर्णांक नऊ. लिहून ठेव. या आकड्यावर अमेरिकेत कोणी परत निवडून येत नाही."

७.९ टक्के म्हणजे चारच दिवसांपूर्वी जाहीर झालेला बेकारीचा दर. रुझवेल्टनंतर ७.२ च्या वर बेकारी असताना एकही राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही, हे वाक्य त्या वर्षी टीव्हीवर इतक्या वेळा ऐकलं होतं की आमच्या आठ वर्षांच्या पोरालाही पाठ झालं होतं.

मला इथे त्या ‘येत नाही’बद्दल लिहायचं आहे. विरोधी पक्ष सत्तेवरच्या माणसावर दोन तऱ्हेने तुटून पडतो. एक, हा माणूस नालायक आहे. दोन, हा माणूस पुन्हा येत नाही. पहिली टीका मतदारासाठी. दुसरी देणगीदारांसाठी, कुंपणावरच्या आमदार-खासदारांसाठी आणि मुख्य म्हणजे आपल्याच कार्यकर्त्यांसाठी. या दुसरीची गंमत अशी की ती करणाऱ्यालाच आधी पटते.

ओबामांच्या बाबतीत तिला खतपाणीही भरपूर मिळालं. फेब्रुवारी २००९ मध्ये, पदावर येऊन दोन आठवडे झाले नव्हते तेव्हा, त्यांनी स्वतःच टीव्हीवर सांगितलं होतं की तीन वर्षांत अर्थव्यवस्था सावरली नाही तर मी एकाच टर्मचा. रिपब्लिकनांनी ते वाक्य तीन वर्षं जपून ठेवलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेकारी १० टक्क्यांवर गेली. २०१० च्या ऑक्टोबरात सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल बोलून गेले की ओबामांना एका टर्मचा राष्ट्राध्यक्ष करणं हेच आमचं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट. थोड्याच दिवसांत मिडटर्म (टर्मच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुका) झाल्या आणि रिपब्लिकनांनी हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ६३ जागा जास्तीच्या मिळवल्या. ऑगस्ट २०११ मध्ये एका पतमापन संस्थेने अमेरिकेचं मानांकन इतिहासात पहिल्यांदाच खाली आणलं. तेव्हा माझ्या ऑफिसातले डेमोक्रॅटसुद्धा ‘गेला हा’ म्हणायचे.

आणि ख्रिस्ती! वादळाच्या दहा दिवस आधी व्हर्जिनियातल्या सभेत त्यांनी ओबामांचं वर्णन केलं होतं: अंधाऱ्या खोलीत भिंती चाचपडत नेतृत्वाचं बटण शोधणारा माणूस. टाळ्या पडल्या. दहा दिवसांनी अख्खं न्यू जर्सी भिंती चाचपडत बटण शोधत होतं. ३१ ऑक्टोबरला हेच ख्रिस्ती ओबामांबरोबर हेलिकॉप्टरमधून किनारा बघत होते आणि कॅमेऱ्यासमोर त्यांचं तोंडभरून कौतुक करत होते.

त्या दिवशी टाकी भरून मी तसाच मत द्यायला गेलो. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं राष्ट्राध्यक्षपदाचं मत. कोणाला दिलं ते सांगत नाही, पण न्यू जर्सी ठरलेलं डेमोक्रॅट राज्य, तिथे त्याने काही फरक पडणार नव्हता.

शेजाऱ्यांचा ७.९ का चुकला? मला वाटतं विरोधकांनी चार वर्षं ‘हा नको’ इतकंच घोकलं आणि लोक विचारत होते ‘मग दुसरा कोण?’. तुम्हाला काय वाटतं?

सांडगी_मिरची

जागा पकडली. पॉपकॉर्न मायक्रोवेव्हमध्ये. (आमच्याकडे वीज आहे.)

ओहायोकर

त्या वेळी मी टोलेडोजवळ होतो. मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी, मी एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे मत नाही पण जाहिराती मात्र सगळ्या बघायच्या. ओहायोत त्या ऑक्टोबरात क्रिकेटच्या ओव्हरमध्ये नसतील इतक्या राजकीय जाहिराती एका ब्रेकमध्ये यायच्या. शेवटी आम्ही घरी टीव्ही म्यूटच ठेवायचो.

धागाकर्त्यांशी सहमत, पण एक भर घालतो. ७.९ हा देशाचा आकडा. ओहायोचा त्याहून कमी होता, कारण मोटारीचे कारखाने परत सुरू झाले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मिट रॉम्नींनी (२०१२ चे ओबामांविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार) न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं ‘डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या’. शीर्षक वृत्तपत्राने दिलेलं, आणि लेखात म्हटलं होतं तशी दिवाळखोरी २००९ मध्ये जनरल मोटर्सने आणि क्रायस्लरने खरंच पत्करली. फरक इतकाच की त्या काळात दोन्ही कंपन्यांना सरकारी पैशाने जगवलं, आणि खाजगी पैसा तेव्हा कोणी द्यायला तयार नव्हता. एवढा बारीक मुद्दा लाइनवरच्या माणसाला कोण समजावणार? त्याला शीर्षक पाठ होतं. आणि रॉम्नी जन्माने डेट्रॉइटचे! वडील मोटार कंपनीचे प्रमुख होते, नंतर मिशिगनचे गव्हर्नर. घरच्या माणसाने असं लिहावं हे लोकांना जास्त लागलं.

शेवटच्या आठवड्यात कहर झाला. रॉम्नींच्या प्रचाराने जाहिरात लावली की क्रायस्लर इटलीवाल्यांना विकली आणि ते आता चीनमध्ये जीप बनवणार. टोलेडोत जीपचा कारखाना आहे हो! दुसऱ्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये एक बाई, नवरा जीपच्या लाइनवर, ट्रे हातात धरून नुसती उभी होती. कोणीतरी विचारलं तर म्हणाली, नवऱ्याने युनियनमध्ये फोन लावलाय, अजून उचलत नाहीत. मग क्रायस्लरचे प्रमुख मार्किओने यांनी स्वतः कामगारांना पत्र लिहिलं की जीपचं उत्पादन इथून चीनला हलवणार नाही. त्या कँटीनमध्ये निदान चार जण मला माहीत आहेत जे तोपर्यंत ‘बघू’ म्हणत होते. ओबामांनी ओहायो ३ टक्क्यांनी मारलं.

सांडगी_मिरची

ओहायोकर, तुमच्याच राज्यातली आणखी एक गोष्ट. मार्च २०१२ मध्ये रॉम्नींच्या सल्लागाराला टीव्हीवर विचारलं, पक्षांतर्गत निवडणुकीत तुम्ही इतके उजवीकडे गेलात, आता सर्वसाधारण मतदारासमोर कसे जाणार? तो म्हणाला, हे एच-अ-स्केचसारखं असतं, हलवायचं आणि नवीन चित्र काढायचं. आपल्याकडे लहानपणी जादूची पाटी मिळायची, वरचा कागद उचलला की सगळं पुसलं जायचं, तसलंच. दुसऱ्या दिवशी रॉम्नींचे पक्षातले प्रतिस्पर्धी ती खेळणी हातात घेऊन सभेत! ते खेळणं तेव्हा ओहायोतल्या ब्रायन गावच्या कंपनीचं होतं. आणि बनत होतं कुठे? चीनमध्ये. ह ह पु वा (हसून हसून पुरेवाट).

मंजिरी_प्लेनो

मी रिपब्लिकन मतदार आहे. इथे फार नसतील, त्यामुळे दगड सावकाश मारा.

‘विरोधकांचं गणित चुकलं’ हे मान्य. ‘विरोधकांची टीका चुकली’ हे मान्य नाही, आणि धाग्यात या दोन्हीची मिसळ झाली आहे. ओबामा आले तेव्हा देशावर १०.६ ट्रिलियन डॉलर कर्ज होतं. त्यांच्या पक्षाचं अधिवेशन शार्लटला सुरू झालं त्याच दिवशी ते १६ ट्रिलियनच्या वर गेल्याचं जाहीर झालं. हा आकडा रॉम्नींनी छापून आणलेला नव्हता. आरोग्यविम्याबद्दल ‘तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील’ असं ओबामा सांगत होते आणि विरोधक बोंबलत होते की हे खोटं आहे. २०१३ च्या शरदात लोकांच्या हातात पॉलिसी बंद झाल्याची पत्रं पडली, सरकारी वेबसाइट कोलमडली, आणि ओबामांना माफी मागावी लागली. रशियाचंही तसंच. मार्च २०१२ मध्ये रॉम्नींनी रशियाला आपला क्रमांक एकचा भूराजकीय शत्रू म्हटलं. शेवटच्या डिबेटमध्ये ओबामांनी त्यांची टर उडवली, म्हणाले ऐंशीचं दशक त्यांचं परराष्ट्र धोरण परत मागतंय. लोक हसले. दीड वर्षात रशियाने क्रायमिया घेतलं. तेव्हा हसणारे कुठे होते?

टीका बरोबर असणं आणि ती निवडणुकीत चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या पक्षाला दुसरी जमली नाही.

ओकट्री_रोड

मंजिरीताई, दगड कसले, उलट आभार. रशियाचा मुद्दा पूर्ण मान्य, मीही तेव्हा हसलो होतो. वेबसाइटचंही मान्य. पण आरोग्यविम्यावर टीका करायला पक्षाने नेमका असा उमेदवार उभा केला ज्याने २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना जवळजवळ तसाच कायदा सही करून आणला होता. म्हणजे सगळ्यात धारदार सुरी घेतली आणि पात्याकडून धरली.

नाशिकची_द्राक्षं

अज्ञानी प्रश्न. ओबामांना २००८ पेक्षा २०१२ मध्ये मतं कमी पडली ना? मग लोक नाराज होतेच की.

गणिताचा_मास्तर

द्राक्षंभाऊ, प्रश्न अज्ञानी नाही. मतं कमी झाली, राज्यंही दोन गेली (इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना). तरी ५१.१ विरुद्ध ४७.२ टक्के आणि इलेक्टोरल कॉलेजात (राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या राज्यवार मतांत) ३३२ विरुद्ध २०६. नाराजी होती, पण तो राग कोणावर काढायचा हे लोकांनी ठरवलं होतं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं गेलं की अर्थव्यवस्थेच्या दुखण्याला जास्त जबाबदार कोण. ५३ टक्के म्हणाले आधीचे राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश, ३८ टक्के म्हणाले ओबामा. बुश जाऊन चार वर्षं होत आली होती! विरोधी पक्षाचा पाया इथेच खचला. तुम्ही म्हणताय ‘चार वर्षांत घर सावरलं नाही’ आणि लोकांना आठवतंय की घराला आग लागली तेव्हा किल्ली कोणाकडे होती. शार्लटच्या अधिवेशनात बिल क्लिंटन हेच सांगायला उभे राहिले: मी असो की दुसरा कोणी, इतकं नुकसान चार वर्षांत भरून काढणं कुणालाही जमलं नसतं. ओबामांना स्वतःची बाजू इतकी सोपी करून कधी मांडता आली नव्हती.

आता त्या ७.२ बद्दल. मी शाळेत गणित शिकवायचो, म्हणून या आकड्यावर माझा राग जुना आहे. रुझवेल्टनंतर आणि ओबामांच्या आधी पदावर असताना परत उभे राहिलेले राष्ट्राध्यक्ष मोजायला दोन हात पुरतात. त्यातले साडेसातच्या आसपास बेकारी असताना उभे राहिलेले तीन: फोर्ड, कार्टर, थोरले बुश. तिघंही पडले. तीन उदाहरणांवरून नियम! वर्गात पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी खडू फेकून मारला असता. आणि ७.२ हा आकडा आला कुठून? रेगनकडून, १९८४. पण रेगनची बेकारी १९८२ च्या शेवटी १०.८ होती, तिथून उतरत ७.२ वर आली. मतदाराने उतार बघितला. ओबामांचा उतार तसाच होता, १० वरून ७.९. कार्टरचा चढ होता. शेजाऱ्यांनी आकडा बरोबर वाचला, बाणाची दिशा वाचली नाही.

दिशा दिसली तेव्हा काय केलं तेही सांगतो. ५ ऑक्टोबरला बेकारी ७.८ आल्याचं जाहीर झालं, पदग्रहणानंतर प्रथमच आठच्या खाली. त्याच सकाळी जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्च यांनी ट्विट केलं की या शिकागोवाल्यांना (म्हणजे ओबामांच्या माणसांना) डिबेट जमेना म्हणून आकडेच बदलले. आठच्या वर होता तेव्हा तोच सरकारी आकडा वेदवाक्य होता.

जुना_सभासद_सदाशिव

उत्तम धागा. वयाने मी इथल्या बऱ्याच जणांचा काका लागेन, म्हणून थोडं मागचं.

‘चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का?’ हा प्रश्न रेगननी कार्टरना २८ ऑक्टोबर १९८० च्या क्लीव्हलंडच्या डिबेटमध्ये विचारला. निवडणूक आठवड्यावर. कार्टरना अवघी ४९ इलेक्टोरल मतं मिळाली. तेव्हापासून अमेरिकेतला प्रत्येक विरोधी पक्ष तो प्रश्न विचारत आला आहे. पण त्या रात्री प्रश्नाइतकंच वजन रेगनच्या वागण्याला होतं. कार्टरचा प्रचार सांगत होता की हा माणूस भडक आहे, युद्ध लावेल. लोकांनी दीड तास बघितलं तर एक हसतमुख आजोबा. ‘मग दुसरा कोण?’चं उत्तर समोर उभं होतं. रॉम्नींच्या ३ ऑक्टोबरच्या पहिल्या डिबेटमध्ये तसं एकदा झालं, ओबामा झोपल्यासारखे उभे होते. पण तोवर उन्हाळाभर लोकांनी रॉम्नींच्या गुंतवणूक कंपनीने बंद पाडलेल्या कारखान्यांच्या जाहिराती बघितल्या होत्या.

उलट दिशेने १९४८ आहे. ट्रुमन जात आहेत हे इतकं पक्कं होतं की ‘शिकागो ट्रिब्यून’ने ‘ड्यूईंनी ट्रुमनना हरवलं’ असा मथळा छापून अंक बाजारात आणला. जिंकलेले ट्रुमन तोच अंक हसत दोन्ही हातांनी वर धरून उभे आहेत, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल.

आणि आपल्याकडे १९७१. विरोधकांची आघाडी म्हणत होती ‘इंदिरा हटाओ’. बाईंनी उत्तर दिलं, ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरीबी हटाओ. ३५२ जागा. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आमच्या वाड्याच्या भिंतीवर आधी पहिली घोषणा रंगवली होती. पंधरा दिवसांत कोणीतरी फक्त ‘इंदिरा’वर चुना मारून त्यावर ‘गरीबी’ लिहून गेलं. ‘हटाओ’ जुनंच राहिलं, रंगही वेगळा. निवडणुकीनंतर कितीतरी वर्षं ते तसंच होतं.

अनुस्वार

काका, भिंतीचा किस्सा एक नंबर, पण ती संसदीय निवडणूक. आता कोणीतरी २००४ चं ‘इंडिया शायनिंग’ आणेल, मग कोणीतरी २००९ चं ‘कमजोर पंतप्रधान’, आणि धागा घाटात. कृपया अमेरिकेतच राहू.

सांडगी_मिरची

अनुस्वार, तुम्हीच दोन्ही आणलेत की.

अनुस्वार

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करायला हवा होता. :)

गणिताचा_मास्तर

मतचाचण्यांचं राहिलं. या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग.

ऑक्टोबरमध्ये बहुतेक राज्यांतल्या चाचण्या ओबामांना थोडं पुढे दाखवत होत्या. रिपब्लिकन पक्षाच्या काही लोकांनी आक्षेप काढला की नमुन्यात डेमोक्रॅट जास्त घेतलेत. मग त्यांच्या एका समर्थकाने वेबसाइटच काढली: प्रत्येक चाचणी घ्यायची, पक्षांचं प्रमाण आपल्या मनासारखं बसवायचं, की रॉम्नी पुढे! मेख अशी की ‘मी या पक्षाचा’ हे उत्तर वयासारखं किंवा गावासारखं स्थिर नसतं. पक्षावर नाराज झालेला माणूस ‘मी अपक्ष’ म्हणायला लागतो. म्हणजे तुम्ही जे मोजायचं तेच आधी गृहीत धरताय. वजनकाट्यावर उभं राहून भिंतीला हात टेकवल्यासारखं.

गॅलपसारख्या जुन्या संस्थेनेही ऑक्टोबरच्या मध्यात रॉम्नींना सात टक्क्यांनी पुढे दाखवलं, त्यामुळे त्यांच्या आशेला अगदीच आधार नव्हता असं नाही. पण राज्यवार चाचण्यांची सरासरी काढणाऱ्या नेट सिल्व्हर यांना पन्नासच्या पन्नास राज्यं बरोबर आली. त्याच वेळी राजकीय विश्लेषक डिक मॉरिस टीव्हीवर रॉम्नींना ३२५ इलेक्टोरल मतं देत होते.

निकालाच्या रात्री फॉक्स न्यूजने ओहायो ओबामांना दिलं तेव्हा त्यांच्याच स्टुडिओत बसलेले रिपब्लिकन रणनीतिकार कार्ल रोव्ह मानायलाच तयार होईनात. निवेदिका मेगन केली उठून, कॅमेरा मागे घेऊन, कॉरिडॉरमधून चालत आकडेवाल्यांच्या खोलीत गेल्या आणि विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, नक्की. मतदारांना केंद्रावर आणायसाठी रॉम्नींनी मोठा गाजावाजा करून बनवलेलं ‘ओर्का’ नावाचं सॉफ्टवेअर त्याच दिवशी बसलं होतं. आणि स्वतः रॉम्नींनी दुपारी विमानात पत्रकारांना सांगितलं होतं की विजयाचं भाषण लिहून झालं, १,११८ शब्दांचं. पराभवाचं लिहिलंच नव्हतं.

म्हणून धागाकर्त्यांचं ‘करणाऱ्यालाच आधी पटते’ हे वाक्य मला पटतं.

नाशिकची_द्राक्षं

मास्तर, मग सँडीमुळे ओबामा आले असं म्हणतात ते?

गणिताचा_मास्तर

वादळ आलं तेव्हा ते पुढेच होते. १६ तारखेच्या दुसऱ्या डिबेटनंतर घसरण थांबली होती. ख्रिस्तींच्या कौतुकाने रिपब्लिकन चिडले, कारण पराभवाला एक चेहरा मिळाला. इतकंच.

मंजिरी_प्लेनो

मास्तरांनी सगळं लिहिलं पण ४७ टक्क्यांचं नाही लिहिलं. बहुतेक मला लाज वाटू नये म्हणून. मीच लिहिते.

मे महिन्यात फ्लोरिडातल्या बोका रॅटनला देणगीदारांच्या जेवणात रॉम्नी म्हणाले की ४७ टक्के लोक काही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला बळी समजतात, आयकर भरत नाहीत, त्यांची काळजी करणं माझं काम नाही. कोणीतरी चोरून चित्रण केलं होतं, ते १७ सप्टेंबरला बाहेर आलं.

त्या वर्षी जानेवारीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती. घरात दोन मुलं, मी अर्धवेळ एका दंतवैद्याच्या रिसेप्शनवर. बेकारी भत्ता घेत होतो. मी आयकराचा हिशोब अंदाजाने मांडून बघितला होता, त्या वर्षी शून्यच येत होता. रात्री भांडी घासता घासता ती क्लिप लागली आणि मी नळ बंद करून ऐकत राहिले. नवरा म्हणाला, "आपणच की ते." आम्ही ओबामांवर जी टीका करत होतो ती आम्हाला नोकरी नव्हती म्हणून करत होतो! आणि आमचा उमेदवार नोकरी नसलेल्यांना विरोधकांच्या खात्यात टाकून मोकळा झाला होता. पक्षाचं सगळं वर्षाचं म्हणणं एकच, की लोकांना काम नाही. त्या जेवणाच्या टेबलावर ते काम नसलेले लोक फुकटे झाले.

मत मी तरीही रॉम्नींनाच दिलं. कर्जाचा मुद्दा मला खरा वाटत होता, आजही वाटतो. पण दर निवडणुकीत शेजारणींना फोन करून मतदानाला चला म्हणायचे, ते त्या वर्षी केलं नाही. कोणी नको सांगितलं नव्हतं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

ओकट्री_रोड

मंजिरीताई, यावर काय लिहू. मास्तरांच्या एक्झिट पोलमध्येच आणखी एक आकडा होता: ज्यांना ‘माझ्यासारख्यांची काळजी असणारा’ उमेदवार हवा होता त्यांच्यात ओबामा ८१, रॉम्नी १८. त्यातला एक न केलेला फोन आज कळला.

ओहायोकर

एक अवांतर आणि मग थांबतो. २०२० मध्ये ट्रम्प पडले, २०२४ मध्ये बायडन उभेच राहू शकले नाहीत. बायडन यांच्या वयावर रिपब्लिकन चार वर्षं बोलत होते, डेमोक्रॅट ‘हा अपप्रचार’ म्हणत होते. २७ जून २०२४ च्या अटलांटाच्या डिबेटमध्ये लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि २१ जुलैला माघार. म्हणजे ‘हा पुन्हा येत नाही’ ही टीका कधी कधी शब्दशः खरी ठरते, आणि तेव्हा ऐकायचं नसतं ते सत्तेवरच्या पक्षाला. २०१२ मध्ये आरसा रिपब्लिकनांनी झाकला होता, २०२४ मध्ये डेमोक्रॅटांनी.

जुना_सभासद_सदाशिव

ओहायोकर, सहमत. फक्त १९६८ चे जॉन्सन विसरू नका, तेही मार्चअखेर टीव्हीवर येऊन ‘मी उभा राहणार नाही’ म्हणाले होते. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सांडगी_मिरची

सगळं झालं पण शेजाऱ्यांचं काय झालं ते सांगा. मी त्यासाठी बसलेय.

ओकट्री_रोड

मिरचीताई, सांगतो.

त्यांच्या अंगणात रॉम्नी आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रायन यांची पाटी होती, तारेच्या दोन पायांवर रोवतात ती. सँडीच्या रात्री ती उडाली. दुसऱ्या दिवशी छपराचे पत्रे, कचऱ्याचे डबे, कोणाची तरी ट्रॅम्पोलीन, असं सगळं गल्लीत पडलेलं असताना हे गृहस्थ पाटी शोधत फिरत होते. तीन घरं सोडून झुडपात सापडली. पुसून परत रोवली.

निकालाच्या रात्री आमच्याकडे वीज नव्हती. मी गाडीत बसून रेडिओ ऐकत होतो, सकाळीच टाकी भरलेली होती म्हणून. त्यांच्याही गाडीचा आतला दिवा लागलेला दिसत होता. ओहायो जाहीर झालं त्यानंतर थोड्या वेळाने तो विझला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे बर्फ पडला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात! फावडं घेऊन बाहेर आलो तर पाटी अर्धी बर्फात. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "सात पूर्णांक नऊ," आणि हसले. मग विचारलं, तुमच्याकडे हीटर नाही ना, पोरांना आमच्याकडे शेकोटीजवळ पाठवा.

पाटी थँक्सगिव्हिंगपर्यंत होती. पुढच्या उन्हाळ्यात बघितलं तर तिच्या तारा त्यांच्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी पिशवीभर टोमॅटो आणून दिले. बायकोने सार केलं.